मोहरीच्या काड्यांचा कोळसा बायोगॅस शुद्ध करेल का?

प्रश्न : जयपूरजवळ आमचा गोठा आहे. गोबरगॅसला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि इंजिन गंजतं. मोहरीच्या काड्यांचा कोळसा वापरून गॅस शुद्ध होईल का?
– एक वाचक, जयपूर

उत्तर : होय, पण अर्धवट. वास आणि गंज हायड्रोजन सल्फाइडमुळे येतात. कमी हवेत, सुमारे 500 अंशांवर भाजलेल्या कोळशातली अल्कधर्मी राख आणि सूक्ष्म छिद्रं हा वायू पकडतात. म्हणून कोळसा धुऊ नका. तो किंचित ओलसर ठेवा. कोरड्या कोळशाचं काम मंदावतं.

वाटाण्याएवढे तुकडे चाळून दोन पाइपांत भरा आणि गॅस खालून वर, एकामागून एक दोन्हींतून जाऊ द्या. पहिल्या पाइपातून बाहेर पडणाऱ्या गॅसने लेड ॲसिटेटचा कागद काळा पडला, की त्यातला कोळसा बदला. नाकावर विसंबू नका. हा वायू जास्त असला की वासच कळेनासा होतो.

बायोगॅसमधला 30 ते 40 टक्के कार्बन डायऑक्साइड मात्र असा निघणार नाही. इंजिनाला तो चालतो. सिलिंडरमध्ये भरायचा गॅस किमान 90 टक्के मिथेनचा लागतो, त्यासाठी वेगळं संयंत्र हवं.

वापरलेला कोळसा हवेत तापून पेटू शकतो. पाइप उघड्यावर रिकामा करा, कोळसा लगेच भिजवा आणि मगच शेणखतात मिसळा.