कव्हरवर कोण?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ मॅडमनी तपासून दिलेत, तरी एखादी चूक राहिलीच तर सांभाळून घ्या. 'मुखपृष्ठ' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा या लेखासाठी लिहिला. पुढे मात्र सरळ 'कव्हर'च म्हणणार आहे, कारण बोलताना आपण सगळे तेच म्हणतो.

आपला हा अंक फुकट मिळतो, तरी मागच्या वर्षीचे गठ्ठे अजून लायब्ररीच्या जिन्याखाली पडून आहेत. यंदा कव्हरचं काम माझ्या गळ्यात पडलं. मागच्या गॅदरिंगला रॉक शोचं पोस्टर मीच केलं होतं : सात फॉन्ट, चार गिटार, मागे ज्वाळा. नोटीस बोर्डासमोर उभं राहूनही शो किती वाजता आहे हे कुणाला सापडत नव्हतं! म्हणून म्हटलं, यंदा आधी अभ्यास करू. रद्दीवाल्याकडून थोडी जुनी इंग्रजी म्युझिक मॅगझिन्स आणली, बाकीची कव्हर्स नेटवर पाहिली. एवढा अभ्यास परीक्षेला केला असता तर एम-थ्री निघाला असता. असो.

पहिली गोष्ट कळली ती अगदी इंजिनिअरिंगची. इंग्लंड-अमेरिकेतल्या दुकानांत मासिकं रॅकमध्ये एकावर एक सरकवून ठेवतात. गिऱ्हाइकाला पूर्ण कव्हर दिसतच नाही. दिसते ती वरची पट्टी आणि डावी कड. म्हणून नाव सगळ्यात वर आणि महत्त्वाची ओळ डावीकडे. ब्रिटनच्या 'क्यू' मासिकाने (1986 ते 2020) तर डाव्या कोपऱ्यात लाल चौकोन आणि त्यात पांढरा क्यू, एवढंच ठेवलं. लांबून वाचावं लागत नाही, ओळखू येतं. 'केरँग!'चं नाव म्हणजे गिटारच्या पॉवर कॉर्डचा आवाज. त्याची अक्षरंही तडा गेलेल्या काचेसारखी. 'रोलिंग स्टोन'चा आकार पूर्वी बराच मोठा होता. तो 2008 साली नेहमीच्या मासिकांएवढा केला, कारण रॅकमध्ये मावायला हवा. 2018 मध्ये ते पाक्षिकाचं मासिक झालं आणि आकार परत मोठा केला.

दुसरी गोष्ट म्हणजे चेहरा. बहुतेक कव्हरवर एकच माणूस असतो आणि तो थेट तुमच्या डोळ्यांत बघत असतो. (व्हायवाच्या एक्स्टर्नलसारखा!) त्याचं डोकं मासिकाच्या नावावर खुशाल चढलेलं असतं. मला वाटायचं ही छपाईची चूक. पण नाव अर्धं झाकलं तरी वाचक ओळखणार अशी खात्री असलेलं मासिकच हे करू शकतं. नवख्याने करू नये.

कधी चेहऱ्याऐवजी गोष्ट विकतात. ऑगस्ट 1995 मध्ये ब्लर आणि ओअॅसिस या दोन ब्रिटिश बँडची गाणी एकाच दिवशी बाजारात येणार होती. 'एनएमई'ने दोघांचे गायक समोरासमोर ठेवून कव्हर केलं ते चक्क बॉक्सिंगच्या मॅचच्या पोस्टरसारखं. झालं, अख्खा देश बाजू घेऊन मोकळा! ब्लरच्या सुमारे 2 लाख 74 हजार प्रती खपल्या, ओअॅसिसच्या 2 लाख 16 हजार. गाणी दोन्हीकडची बरीच होती, पण लोकांच्या लक्षात राहिली ती मारामारी.

आता माझं सगळ्यात आवडतं कव्हर. 8 डिसेंबर 1980 ला अॅनी लीबोविट्झने न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननच्या घरी फोटो काढला. मासिकाला एकटा लेनन हवा होता. तो म्हणाला, योकोही पाहिजे. फोटोत तो विवस्त्र, लहान मुलासारखा पाय मुडपून योकोला बिलगलेला, आणि ती पूर्ण कपड्यांत. त्याच रात्री घराच्या दाराशी त्याला गोळ्या घातल्या. 22 जानेवारी 1981 च्या 'रोलिंग स्टोन'वर हाच फोटो आला, आणि मासिकाच्या नावाखेरीज त्यावर मथळा नाही, लेननचं नावसुद्धा नाही. माझ्या सात फॉन्टची तेव्हा मला खरीच लाज वाटली. 2005 साली अमेरिकन संपादकांच्या संघटनेने मागच्या 40 वर्षांतलं सर्वोत्तम कव्हर म्हणून हेच निवडलं.

इथपर्यंत मी खूश होते. पण मग 2013 चा एक अंक समोर आला आणि मी अडकले. त्या एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. तीन जण गेले, शेकडो जखमी. आरोपी होता 19 वर्षांचा कॉलेजचा मुलगा. म्हणजे आपल्याहून लहानच. 'रोलिंग स्टोन'ने त्याने स्वतःच काढलेला फोटो कव्हरवर टाकला : कुरळे केस, शांत डोळे, थेट आपल्याकडे बघणारे. खालच्या ओळीत त्याला राक्षस म्हटलं होतं, आतला लेखही गंभीर होता. पण लोक भडकले, मोठ्या दुकान-साखळ्यांनी अंक विकायला नकार दिला. गंमत म्हणजे तोच फोटो आधी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आला होता, तेव्हा एवढं काही झालं नव्हतं. फोटो तोच, मग बदललं काय? माझ्या मते चौकट. ज्या जागेवर वर्षानुवर्षं लेनन, डिलन बसले, तिथे जो बसेल तो स्टार दिसणारच. खाली काहीही लिहा. त्या अंकाची दुकानातली विक्री मात्र नेहमीच्या जवळजवळ दुप्पट झाली.

हे सगळं माझ्या डोक्यात असताना आमची कव्हरची मीटिंग झाली. एकाने गॅदरिंगच्या रात्री पार्किंगमध्ये झालेल्या मारामारीचा फोटो पुढे केला. हॉस्टेलच्या सगळ्या ग्रुपवर फिरलेला, शर्ट फाटलेला तोच. फोटो भारी आहे, हे मी मान्य करते. एक चेहरा, नजर कॅमेऱ्यात, डावीकडे रिकामी जागा : मी वर लिहिलेलं सगळं त्यात होतं. "हा टाकलास तर एक गठ्ठा उरणार नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच असावं. मी बॉस्टनची गोष्ट सांगितली. "अगं, कुठे बॉम्ब, कुठे आपली पार्किंगमधली धक्काबुक्की!" असं म्हणून सगळे हसले. मलाही हसू आलं. पण ज्याचा शर्ट फाटला तो मुलगा अजून मेसमध्ये सगळे जेवून गेल्यावर येतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, तो फोटो असेल तर कव्हर दुसऱ्या कुणाला द्या. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सरांनी चहा मागवला.

शेवटी जो फोटो ठरला तो तुम्ही अंक उचलताना पाहिलाच आहे. रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेक चालू आहे, आणि मिक्सरवर बसलेली सेकंड इयरची मुलगी, गळ्यात हेडफोन, 'आता काय?' अशा चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघतेय. तिला विचारूनच छापलाय. फॉन्ट एकच. अंकाचं नाव तिच्या केसांमागे थोडं गेलंय. नवख्याने करू नये असं वर मीच लिहिलंय, पण मोह आवरला नाही.

पंधरा दिवसांनी जिन्याखाली जाऊन किती उरले ते मोजणार आहे.