फर्मवेअरचा दोष आणि हरवलेली खातेवही

बँकेच्या व्यवहारात नोंदीला रोख रकमेइतकेच महत्त्व असते. तिजोरीतील पैसा कोणाचा, किती व कोणत्या अटीवर, हे वही सांगते; वही नाहीशी झाली तर नुसता पैसा मोजून काहीच निष्पन्न होत नाही. पूर्वी ही वही कापडी बांधणीची असे. आज तिचे स्थान संगणकातील हार्ड डिस्कने घेतले आहे. कागदाची वही भिजते, फाटते किंवा जळते, आणि ते डोळ्यांना दिसते. हार्ड डिस्कमधील वही मात्र अक्षरन् अक्षर शाबूत असूनही अदृश्य होऊ शकते. फर्मवेअरच्या दोषामुळे घडणारा हा प्रकार ग्राहकांनी व कर्मचाऱ्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

समजा, जानेवारी २००९ चा महिना आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून दक्षिणेत गेलेल्या अनेक कुटुंबांप्रमाणे एका मराठी व्यावसायिकाने बंगळूरच्या नगरतपेटेत सोन्याचांदीच्या गलाईचे दुकान थाटले आहे. हिशेब टॅलीवर आहे; ही आज्ञावली बनविणारी कंपनीही बंगळूरचीच. बँकेत कॅश क्रेडिट खाते आहे आणि मालसाठ्याचे मासिक विवरणपत्र शाखेत द्यावयाचे आहे. त्यावरच पुढील महिन्याची उचल ठरणार. आदल्या रात्री नेहमीप्रमाणे बंद केलेला संगणक सकाळी सुरू केला, तर डिस्क सापडत नाही, असा संदेश येतो. बॅकअप घेतलेला आहे, पण तो त्याच डिस्कच्या ‘डी’ विभागात! एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांत दोन प्रती ठेवल्या आणि कपाटाचेच कुलूप बसले, अशी ही अवस्था होय.

हा प्रसंग कल्पित असला, तरी त्यामागील बिघाड कल्पित नाही. सीगेट या प्रसिद्ध कंपनीने जानेवारी २००९ मध्ये जाहीरपणे मान्य केले, की ‘बॅराकुडा ७२००.११’ या मालिकेतील आणि तिच्याच रचनेवर आधारलेल्या इतर काही मालिकांतील, डिसेंबर २००८ पर्यंत निर्माण झालेल्या काही डिस्कांच्या फर्मवेअरमध्ये दोष आहे आणि संगणक सुरू करताना त्यातील माहिती वापरकर्त्यास अप्राप्य होऊ शकते. त्या काळी ५०० जीबी व १ टीबी क्षमतेच्या या डिस्का घरोघरी व कार्यालयांत बसविल्या जात होत्या.

फर्मवेअर म्हणजे काय, हे प्रथम पाहू. हार्ड डिस्क ही केवळ चुंबकीय तबकडी नव्हे. तो स्वतःचा प्रोसेसर असलेला एक लहानसा संगणकच आहे. तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते आणि तिच्या पृष्ठभागाला न टेकता वाचन-शीर्ष तिच्यावरून सरकते. मोटर केव्हा सुरू करावी, शीर्ष कोठे न्यावे, कोणती जागा खराब म्हणून वगळावी, हे सारे ठरविणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. तिचा थोडा भाग डिस्कच्या खालील हिरव्या सर्किट पट्टीवरील चिपमध्ये असतो, तर मोठा भाग तबकडीवरच एका राखीव क्षेत्रात असतो. वापरकर्त्याला हे क्षेत्र कधीच दिसत नाही. शाखेतील ग्राहकाला काउंटर दिसतो, पण त्यामागील रेकॉर्ड रूम दिसत नाही, तसेच हे आहे.

या राखीव क्षेत्रात डिस्क स्वतःच्या घडामोडींची एक नोंदवही ठेवते. पुढची नोंद कोणत्या ओळीवर करावयाची, हे दाखविणारा एक दर्शक असतो. सीगेटने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार हा दर्शक ३२० या आकड्यावर, किंवा त्यानंतर प्रत्येक २५६ च्या टप्प्यावर (५७६, ८३२ याप्रमाणे) असताना डिस्क बंद होऊन पुन्हा सुरू झाली, तर फर्मवेअर त्याला नोंदवहीच्या शेवटच्या ओळीच्याही पुढे ढकलत असे. कारकुनाने रजिस्टरची पाने संपल्यावर टेबलावरच लिहावयास घ्यावे, तशातला हा प्रकार. डिस्कमधील तपासणी-व्यवस्थेला ही विसंगती तत्काळ कळे आणि अधिक नुकसान होऊ नये म्हणून ती सारे काम जागच्या जागी थांबवी. पुन्हा सुरू केले, तरी दर्शक त्याच चुकीच्या जागी; पुन्हा तीच विसंगती, पुन्हा तोच थांबा. सुरक्षेसाठी ठेवलेली व्यवस्थाच येथे मालकाला बाहेर ठेवत होती.

मग सर्वच डिस्का का बंद पडल्या नाहीत? कारण आणखी एक अट पूर्ण व्हावी लागत असे. कारखान्यात डिस्कची चाचणी घेणाऱ्या यंत्रांपैकी विशिष्ट प्रकारच्या यंत्राने राखीव क्षेत्रात एक ठरावीक माहिती-आकृती मागे ठेवलेली असेल, तरच हा दोष प्रकट होई. त्यामुळे एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन डिस्कांपैकी एक वर्षानुवर्षे चालली आणि दुसरी एका सकाळी अबोल झाली, असे होणे शक्य होते. या दोषात वापरकर्त्याचा हलगर्जीपणा, विजेचा दाब किंवा व्हायरस यांचा काहीही संबंध नव्हता, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. कारण बिघाड झाला की प्रथम संशय नेहमी हिशेब लिहिणाऱ्या मुलावर घेतला जातो.

लक्षणे दोन प्रकारची असत. एका प्रकारात संगणकाला डिस्क मुळी दिसतच नसे. ती सतत ‘व्यस्त’ असल्याचा संकेत देत राही. दुसऱ्या प्रकारात डिस्कचे नाव दिसे, परंतु क्षमता शून्य दाखविली जाई. दोन्हींत तबकडी नेहमीसारखी फिरे व कोणताही विचित्र आवाज येत नसे. ही खूण महत्त्वाची आहे. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल, तर बिघाड बहुधा यांत्रिक असतो. तेथे डिस्क ताबडतोब बंद करावी, आणि ती उघडण्याचे काम धूळविरहित कक्ष असलेल्या प्रयोगशाळेवरच सोपवावे.

नगरतपेटेला लागूनच सदर पत्रप्पा रस्ता, अर्थात बंगळूरकरांचा एस. पी. रोड आहे. संगणकाचे सुटे भाग व इलेक्ट्रॉनिक सामान यांची ही नामांकित बाजारपेठ. अशा बाजारपेठेत, मग ती बंगळूरची असो वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची, डिस्क बंद पडली की पहिला सल्ला मिळतो तो सर्किट पट्टी बदलण्याचा. फर्मवेअरच्या या दोषात तो निरुपयोगी ठरतो. चुकीची नोंद तबकडीवर आहे. पट्टी बदलल्याने ती कशी जाईल? शिवाय पट्टीवरील एका लहान चिपमध्ये त्याच डिस्कपुरती जुळवणीची मापे साठविलेली असतात. तीच मालिका, तेच मॉडेल असले, तरी दुसऱ्या डिस्कची पट्टी तशीच लावून चालत नाही. मूळ चिप काढून नव्या पट्टीवर बसवावी लागते.

या दोषावरील खरा उपाय निराळा होता. डिस्कच्या मागील बाजूस, केबलच्या जोडणीशेजारी, चार लहान पिना असतात. त्या अभियंत्यांसाठी ठेवलेल्या संपर्कद्वाराच्या आहेत. योग्य विद्युत-पातळीचा रूपांतरक वापरून त्यांपैकी दोन पिना व भूजोड दुसऱ्या संगणकाला जोडल्या आणि संपर्काचा वेग सेकंदाला ३८,४०० बिट ठेवला, की डिस्कच्या फर्मवेअरशी थेट संवाद साधता येई. रूपांतरकाशिवाय संगणकाचे जुने सिरीयल पोर्ट सरळ जोडल्यास त्याच्या अधिक दाबाने पट्टीच जळण्याचा संभव असतो. पुढील अडचण अशी, की थांबलेली डिस्क आज्ञाही ऐकत नसे. म्हणून जाणकार तंत्रज्ञ पट्टीचे स्क्रू सैल करून पट्टी व डिस्क यांच्यामधील संपर्कबिंदूंवर जाड कागदाचा तुकडा सरकवीत. तबकडीशी संबंध तुटल्याने चुकीची नोंदवही वाचलीच जात नसे आणि आज्ञा देण्याची खूण पडद्यावर उमटे. मग कागद काढून, स्क्रू पुन्हा आवळून, मोटर सुरू करण्याची आज्ञा द्यावयाची आणि त्यानंतर डिस्कच्या आत्मपरीक्षणाच्या नोंदी पुसावयाच्या. क्षमता शून्य दाखविणाऱ्या डिस्कमध्ये जागांचा नकाशा नव्याने तयार करण्याची आणखी एक आज्ञा लागे. इतके झाल्यावर डिस्क पूर्ववत दिसू लागे. आतील माहितीला धक्काही लागलेला नसे. व्हिजिटिंग कार्डाच्या कपट्याने लाखो रुपयांचा हिशेब परत मिळावा, ही गोष्ट ऐकणाऱ्याला खोटी वाटावी अशीच आहे.

तथापि ही कृती घरी करून पाहण्याची नव्हे. नकाशा नव्याने करण्याच्या आज्ञेत एक आकडा चुकला, किंवा खराब जागांची यादी विचार न करता पुसली, तर शाबूत असलेली माहितीही कायमची विस्कटू शकते. हीच आज्ञा दुसऱ्या मालिकेच्या डिस्कला दिल्यास परिणाम वेगळाच होतो.

कंपनीने बाधित ग्राहकांना माहिती मोफत परत मिळवून देण्याची तयारी दर्शविली आणि अद्याप चालू असलेल्या डिस्कांसाठी सुधारित फर्मवेअर प्रसिद्ध केले. घाईत आलेल्या त्या पहिल्या सुधारणेने ५०० जीबीच्या काही चांगल्या डिस्काच बंद पाडल्या! कंपनीला ती मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती द्यावी लागली. फर्मवेअर बदलण्यापूर्वी माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवा, असे तंत्रज्ञ का बजावतात, त्याचे याहून बोलके उदाहरण नाही.

हा दोष जुन्या काळातील म्हणून सोडून देता येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या सर्व्हरमधील काही एसएसडींबाबत सूचना काढली. फर्मवेअर न बदलल्यास या एसएसडी एकूण ३२,७६८ तास चालल्यानंतर बंद पडणार होत्या आणि त्यानंतर एसएसडी किंवा तीमधील माहिती, दोन्ही परत मिळणार नव्हत्या. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस व ८ तास. हा आकडा २ चा १५ वा घात आहे. सोळा बिटांत ऋण-धन चिन्हासह मावणारी सर्वांत मोठी संख्या त्याहून एकाने कमी, म्हणजे ३२,७६७. पुढल्या वर्षी, मार्च २०२० मध्ये, त्याच कंपनीने दुसऱ्या काही एसएसडींबाबत ४०,००० तासांची तशीच सूचना दिली. यात फिरणारी तबकडी नाही, झीज नाही. तरीही मृत्यूची घटका आधीच लिहिलेली. एकाच दिवशी सुरू केलेल्या चार एसएसडी एकाच घटकेला बंद पडल्या, तर एकीची माहिती दुसरीत ठेवण्याची सर्व्हरमधील योजना कोलमडते. म्हणून प्रती केवळ संख्येने अनेक असून भागत नाही. त्या निरनिराळ्या जातीच्या यंत्रांवर व निरनिराळ्या ठिकाणी असाव्या लागतात. बँकेत तिजोरीच्या दुय्यम चाव्या त्याच शाखेत न ठेवता दुसरीकडे ठेवण्याची पद्धत आहे, तिच्यामागे हाच विचार आहे.

दुरुस्तीसाठी डिस्क देताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. डिस्क सुरू झाली, की ती दुरुस्त करणाऱ्यालाही तितकीच वाचता येते. तिच्यात पॅन कार्डाच्या प्रती, सह्यांचे नमुने, धनादेशांची छायाचित्रे आणि ब्राउझरमध्ये साठविलेले नेट बँकिंगचे पासवर्ड असू शकतात. म्हणून डिस्क हातातून देण्यापूर्वी दुसऱ्या यंत्रावरून सर्व पासवर्ड बदलावेत, अनुक्रमांकासह पावती घ्यावी आणि जुनी डिस्क परत मागावी. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, पण जुनी डिस्क स्वतःकडे ठेवते व सहसा आतील माहितीची जबाबदारी घेत नाही. डिस्क सापडत नसताना ‘फॉरमॅट करून पाहू’ असे कोणी म्हटल्यास तेथूनच परत फिरावे.

नगरतपेटेतील त्या कल्पित दुकानदाराने शाखेत येऊन वस्तुस्थिती लेखी कळविली असती, तर विवरणपत्रासाठी मुदत मागता आली असती. जमा-नावेच्या बाजू बँकेच्या खाते उताऱ्यावरून आणि पुरवठादारांच्या बिलांवरून पुन्हा उभ्या करता येतात. त्यास आठवडा लागतो, पण काम होते. कोणत्या गिऱ्हाइकाचे किती ग्रॅम सोने गलाईसाठी आले आणि त्यात घट किती धरली, ही नोंद मात्र त्या डिस्कखेरीज कोठेच नव्हती.