सतारीच्या कारागिराला सरकारी आधार

प्रश्न : मिरजेत आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे बनवतं. मुलगा ‘पीएम विश्वकर्मा’त नाव घाला म्हणतो. आम्ही मुस्लिम कारागीर. आम्हाला वेगळी योजना आहे का?

उत्तर : ‘विश्वकर्मा’ 2023 साली सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत सुतार आहे, लोहार आहे, वाद्यकारागीर मात्र नाही. ही मोठीच उणीव आहे. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचं, म्हणजे घोडी घासून सूर खुलवण्यापर्यंतचं, तुमचं काम सुतारकामात मावत नाही.

अल्पसंख्याक कारागिरांसाठी 2015 मध्ये ‘उस्ताद’ योजना आली. उस्तादाकडून नव्या पिढीला प्रशिक्षण, हा तिचा गाभा. आता ती ‘पीएम विकास’ या योजनेत विलीन झाली आहे. भांडवल हवं असेल तर राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाची कारागिरांसाठीची ‘विरासत’ कर्जयोजना पाहा. पण माझ्या मते खरी गरज कर्जाची नाही. जवारीचा कान तयार व्हायला वर्षं लागतात. तेवढा काळ शिकणाऱ्या पोराचं घर चाललं पाहिजे. म्हणून अर्जात प्रशिक्षणाचा मुद्दा आधी मांडा.

त्याआधी केंद्राच्या हस्तकला विभागाचं ‘पहचान’ ओळखपत्र काढा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव नोंदवायला विसरू नका.