यात्रेकरूंसाठी माहिती : भ्रमणध्वनीवरील वायफायची यादी

मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल व गूगल यांनी मोफत वायफाय सुरू केले, तेव्हापासून प्रवासातील ही सोय यात्रेकरूंच्या परिचयाची झाली आहे. रुद्रेश्वराच्या दर्शनास वा अजिंठा लेणी पाहण्यास सोयगाव तालुक्यात येणारे भाविकही मुक्कामी पोहोचताच भ्रमणध्वनीवर वायफायचा शोध घेतात. त्यावेळी उमटणारी यादी समजून घ्यावी.

यादीतील नाव यंत्र चालविणारा हवे ते ठेवू शकतो. देवस्थानाचे नाव दिसले म्हणजे ते नेटवर्क देवस्थानाचेच, असे नव्हे. देणगीदारांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. कुलपाची खूण असल्यास परवलीचा शब्द लागतो. मात्र चालक कोण, हे कुलूप सांगत नाही. काही ॲपमध्ये यंत्राचा बारा अंक-अक्षरांचा पत्ताही दिसतो. त्यातील पहिली सहा सामान्यतः उत्पादकाची ओळख देतात, परंतु हा पत्ताही बदलता येतो.

संकेताची तीव्रता ऋण आकड्यांत असते. उणे ५० हा संकेत उणे ८० पेक्षा प्रबळ. येथे पुष्कळांची गल्लत होते. शिवाय प्रबळ संकेत विश्वासार्ह असतोच असे नाही, फसविणाऱ्याचे यंत्र शेजारच्या बाकावरही असू शकते!

देणगीपूर्वी नेटवर्कचे नाव कार्यालयात विचारावे, अथवा सिमकार्डाच्या इंटरनेटवरून व्यवहार करावा. पैसे कोणाच्या नावे जात आहेत, हे पडद्यावर वाचूनच पिन घालावा.