‘एंटरप्राइज’ : अवकाशात न गेलेले अवकाशयान
(इयत्ता ७ वी, सामान्य विज्ञान, एक तासिका)

पाठाचा हेतू : नव्या यंत्राची पारख सोप्याकडून कठिणाकडे, पायरीपायरीने करावी लागते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे.

विषयविवेचन : अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने पुन्हापुन्हा वापरता येईल असे पंखधारी यान बांधण्याचे योजिले, तेव्हा एक बिकट प्रश्न उभा राहिला. परतताना हे यान इंजिनाच्या बळावाचून, केवळ तरंगत उतरणार होते. विमानाचा नेम चुकला तर वैमानिक पुन्हा वर चढून दुसरा प्रयत्न करतो. या यानाला ती सोय नव्हती, संधी एकच. मग त्याची परीक्षा घ्यावी कशी?

त्यासाठी १९७६ साली ‘एंटरप्राइज’ हे नमुना-यान सिद्ध झाले. त्याला अवकाशात नेणारी इंजिने नव्हती, उष्णतारोधक कवचही खरे नव्हते. आकार व पंख मात्र खऱ्या यानासारखेच होते.

१९७७ साली कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स येथे चाचण्या झाल्या. बोइंग ७४७ विमानाच्या पाठीवर यान बसवून प्रथम ते नुसते धावपट्टीवर धावविले. नंतर यानात कोणी न बसता ५ उड्डाणे झाली. पुढे दोन वैमानिक आत बसवून, परंतु यान न सोडता, ३ झाली. अखेर १२ ऑगस्ट रोजी सुमारे ७ किलोमीटर उंचीवर यान मोकळे सोडले. फ्रेड हेज व गॉर्डन फुलर्टन यांनी ते ५ मिनिटे २१ सेकंदांत कोरड्या तलावाच्या विस्तीर्ण पात्रात सुखरूप उतरविले.

२६ ऑक्टोबरच्या पाचव्या मुक्त उड्डाणात यान प्रथमच काँक्रीटच्या धावपट्टीवर उतरावयाचे होते. जमिनीजवळ ते हेलकावे खाऊ लागले, टेकून पुन्हा उसळले व मग स्थिरावले. वैमानिकाची कृती आणि यानाचा प्रतिसाद यांत किंचित विलंब होता. त्यामुळे हेलकावा आवरण्यासाठी केलेली कृतीच त्यात भर घाली. ‘एफ-८’ विमानावर प्रयोग करून यावर उपाय शोधण्यात आला आणि यानाच्या संगणकातील आज्ञावलीत त्याची योजना झाली. १२ एप्रिल १९८१ रोजी ‘कोलंबिया’ यान जॉन यंग व रॉबर्ट क्रिपेन यांना घेऊन अवकाशात गेले आणि दोन दिवसांनी एडवर्ड्स येथेच सुखरूप उतरले.

आपल्या ‘इस्रो’नेही २ एप्रिल २०२३ रोजी चित्रदुर्गाजवळ हेलिकॉप्टरमधून ४.५ किलोमीटर उंचीवरून पंखधारी, मनुष्यविरहित यान सोडून ते धावपट्टीवर उतरविले.

कृती : अंगणात खडूने लांब रेघ आखावी. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधून, दुसऱ्याने ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असे सांगत त्याला रेघेवरून चालवावे. मग प्रत्येक सूचना मनात तीन अंक मोजून द्यावी. चाल कशी नागमोडी होते ते वर्गाने पाहावे व कारण सांगावे.

शिक्षकांस सूचना : पाचवे उड्डाण ‘फसले’ असे सांगू नये. दोष चाचणीत उघडा पडला म्हणूनच पुढील प्रवाशांना त्याची झळ लागली नाही. पाटीवर झालेल्या चुकीचेही तेच मोल आहे. तिच्यासाठी मुलाला शिक्षा न करता तिचे कारण त्याच्याकडूनच शोधून घ्यावे.

स्वाध्याय :
१. यानाला उतरण्याची संधी एकच का होती?
२. मोकळे सोडण्यापूर्वी कोणत्या चाचण्या झाल्या? क्रमाने लिहा.
३. हेलकावे का वाढले?