खुले माहितीसंच : एका नव्या साधनाची पारख

इतिहास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना प्रथम साधनांची पारख करावयास सांगतो. शिलालेख असो वा जमाखर्चाची वही, तीन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जावयाचे नाही : नोंद कोणी केली, कशासाठी केली आणि नोंदीतून कोण सुटले? संगणकाला शिकविण्यासाठी आज जी साधने वापरली जातात, त्यांनाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत. संगणकशास्त्राकडे वळलेले आमचे माजी विद्यार्थी आणि त्या वाटेवर मुले पाठविणारे पालक यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

मशीन लर्निंगमध्ये संगणकाला नियम सांगितले जात नाहीत. उदाहरणे दाखविली जातात आणि त्यांतून तो नियम शोधतो. उदाहरणांचा हा साठा म्हणजे माहितीसंच. तो सर्वांना विनामूल्य उपलब्ध असला की खेड्यातील विद्यार्थिनी आणि नामांकित विद्यापीठातील संशोधक एकाच साठ्यावर काम करू शकतात. एकाचा निष्कर्ष दुसऱ्यास तपासता येतो.

असे संच अनेक शास्त्रांत आहेत. एडगर अँडरसन यांनी मोजलेल्या आयरिसच्या १५० फुलांची मापे रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली प्रसिद्ध केली. त्यांवर विद्यार्थी आजही पहिला धडा गिरवितात. प्रथिनांच्या रचनांचा संग्रह १९७१ पासून जोपासला गेला, म्हणूनच पुढे अल्फाफोल्ड ही प्रणाली त्यावर शिकू शकली. हस्तलिखित अंकांच्या ७०,००० चित्रांचा एम्निस्ट हा संच अमेरिकेतील जनगणना कर्मचारी व शाळकरी मुले यांच्या हस्ताक्षरांतून घडला.

परंतु खुले असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. बोस्टन परिसरातील ५०६ विभागांच्या घरकिमतींचा संच १९७८ सालच्या एका अभ्यासातून आला. स्वच्छ हवेसाठी लोक किती किंमत मोजतील, हा त्या अभ्यासाचा विषय. मात्र त्यातील एक रकाना कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या प्रमाणावरून काढलेला होता. वर्णावरून वस्त्या वेगळ्या पडल्याने घरांची किंमत ठरते, हे गृहीतक त्या सूत्रातच बसविलेले होते. कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून हा संच सराव म्हणून वापरला गेला. अखेर सायकिट-लर्न या प्रसिद्ध संगणकीय साधनातून तो २०२२ साली वगळण्यात आला. भेदभाव शिव्याशापांतूनच येतो असे नाही. तो एखाद्या निमूट रकान्यातूनही येतो.

दुसरे उदाहरण २०१८ सालचे. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधिकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गौरवर्णीय पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के; सावळ्या व कृष्णवर्णीय स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. चेहऱ्यांच्या प्रचलित संचांत गोऱ्या चेहऱ्यांचाच भरणा असल्याचेही त्यांनी दाखविले. त्या केवळ तक्रार करून थांबल्या नाहीत. आफ्रिकेतील तीन व युरोपातील तीन देशांच्या १,२७० संसद सदस्यांच्या छायाचित्रांचा समतोल संच त्यांनी स्वतः उभा केला आणि त्याच कसोटीवर या प्रणाली घासून पाहिल्या. प्रत्येक संचासोबत तो कोणी, का व कसा जमविला याची टिपणी जोडावी, असा आग्रह पुढे गेब्रू व त्यांच्या सहकाऱ्यांनी धरला. आम्हांस ही आमच्याच वर्गातील प्रश्नावली वाटली.

आपल्या भाषेचे काय? नेपाळमधील संशोधकांनी २०१५ साली देवनागरी अक्षरे व अंक यांच्या ९२,००० चित्रांचा खुला संच सिद्ध केला. कॉमन व्हॉइस या खुल्या उपक्रमात कोणीही मराठी वाक्य वाचून आपला आवाज देऊ शकतो. तेथे वऱ्हाडी, खानदेशी, मालवणी वळणाचे उच्चार पोहोचले नाहीत, तर उद्याच्या यंत्राला आपल्या आजीचे बोलणे उमगणार नाही, आणि दोष मात्र आजीच्या बोलण्याला दिला जाईल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : संच हाती घेताना ते तीन प्रश्न विचारावेत, आणि नोंदीत आपली माणसे दिसली नाहीत, तर ती नोंद आपण स्वतः करावी.