थंडीतले जुने रान

मंडळी, रान पाहायचे तर थंडीत पाहावे. पावसाळ्यात भीमाशंकरला धुके दाट अन् वाट निसरडी. मार्गशीर्ष-पौषात आभाळ स्वच्छ होते. कानटोपी घाला, भाकरी बांधून घ्या. वाट माहीत असलेला माणूस बरोबर हवा.

हे डोंगर पुणे, ठाणे व रायगड या जिल्ह्यांच्या सीमेवर आहेत. 1985 साली सरकारने येथे अभयारण्य केले. रान मात्र त्याहून फार जुने. या भागात जागोजाग देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेले रान म्हणजे देवराई. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, ही वाडवडिलांची रीत.

बाहेर माळावर गवत वाळलेले असते. रानात शिरलात की गारवा लागतो. वर अंजनी, जांभूळ यांची सावली. फांद्या हलल्या तर वर पाहा. शेकरू असेल! ही मोठी तांबूस खार आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ती झाडावरून झाडावर उडी घेते, जमिनीवर क्वचितच उतरते. मधली झाडे तुटली की तिची वाटच तुटली.

आता खाली पाहा. जिकडे तिकडे पाला पडलेला. कोणी म्हणेल, "गुरुजी, हा केर जाळला तर वाट साफ होईल की!"

नाही हो दादा, हा केर नव्हे. काठीने जरा बाजूला सारा. वरचा पाला कोरडा, खालचा ओला, त्याखाली काळी माती. पाला कुजूनच ती माती होते. पावसाचा मार पाला सोसतो. मग पाणी हळूहळू जमिनीत मुरते व झऱ्याला पुरवठा होतो. पाला जाळला की जमीन उघडी पडते. पाणी माती घेऊन धावत सुटते. मग उन्हाळ्यात बायाबापड्यांना हंडा घेऊन लांब जावे लागते.

भीमा नदी याच डोंगरात उगम पावते. पंढरपुरात तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. वारकरी जिथे स्नान करतो, त्या नदीचे मूळ या रानात आहे.

भाताचा राब भाजायला पाला लागतो, हे खरे. तो बांधावरच्या झाडांचा घ्यावा, देवराईतला घेऊ नये. रानात विडी पेटवू नये. वाळल्या पाल्याला एक ठिणगी पुरते.

उत्तरे लिहा :
1. देवराई म्हणजे काय?
2. पाला जाळल्याने झऱ्याचे काय होते?
3. तुमच्या गावाजवळचा झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पूर्वी कधीपर्यंत वाहायचा?